नात आहे, मग मुलं कुठे आहेत?

नात आहे म्हणजे मधली एक पिढी असणारच. आजोबा आणि नात यांच्यामध्ये मुलगा-सून नाहीतर मुलगी-जावई असायलाच हवेत. इतक्या साध्या हिशोबातून निघालेला एक प्रश्न ब्रिटनमधले टीव्हीचे प्रेक्षक साठ वर्षांहून अधिक काळ सोडवत आहेत. प्रश्न आहे ‘डॉक्टर हू’ या मालिकेच्या नायकाचा. त्याची नात पहिल्याच भागात पडद्यावर आली. पण तिचे आईवडील कोण, ते कुठे गेले आणि डॉक्टरला आणखी मुलं आहेत का, याचं उत्तर मालिकेने आजवर दिलेलं नाही.

ज्यांनी ही मालिका पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडी ओळख. बीबीसीवर तिचा पहिला भाग २३ नोव्हेंबर १९६३ रोजी दाखवला गेला, म्हणजे अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्या हत्येच्या दुसऱ्याच दिवशी. नायकाचं खरं नाव कुणालाच ठाऊक नाही. सगळे त्याला नुसतं ‘डॉक्टर’ म्हणतात. तो गॅलिफ्रे ग्रहावरचा ‘टाइम लॉर्ड’. त्याला दोन हृदयं आहेत. टार्डिस नावाच्या यानातून तो कुठल्याही काळात आणि कुठल्याही ग्रहावर जातो. हे यान बाहेरून लंडनच्या रस्त्यांवर पूर्वी उभ्या असायच्या त्या पोलिसांच्या निळ्या टेलिफोन पेटीसारखं दिसतं आणि आतून मात्र अफाट मोठं आहे. मरण जवळ आलं की डॉक्टरची काया पालटते आणि नव्या चेहऱ्याने तो पुढे जगतो. पहिले डॉक्टर विल्यम हार्टनेल यांची तब्येत ढासळल्यावर, १९६६ साली, मालिका चालू ठेवण्यासाठी ही युक्ती काढली गेली. त्यामुळे नट बदलत राहिले आणि मालिका टिकली. १९८९ साली ती बंद पडली, २००५ साली पुन्हा सुरू झाली.

चाहत्यांच्या तर्कांना एवढं मोकळं रान का मिळालं, तेही यातच आहे. हा नायक हजारो वर्षं जगलेला आहे, त्याचे चेहरे अनेक आहेत, जोडी व्हिटेकरच्या रूपाने तो स्त्रीही झाला आहे. त्याचं मूल त्याच्या भूतकाळात असू शकतं, तसंच भविष्यातही.

मुळात ही नात आली कुठून, ते पाहण्यासारखं आहे. बीबीसीच्या नाट्यविभागाचे प्रमुख सिडनी न्यूमन यांना शनिवारच्या संध्याकाळी सगळ्या घराने मिळून बघावी अशी मालिका हवी होती. निर्माती म्हणून त्यांनी व्हेरिटी लॅम्बर्ट यांना आणलं. त्या तेव्हा तिशीच्याही आत होत्या. पहिल्या कथेचं दिग्दर्शन लखनौमध्ये जन्मलेल्या वारिस हुसेन यांच्याकडे होतं. सुरुवातीच्या आराखड्यांत म्हातारा प्रवासी होता, त्याच्याबरोबर एक किशोरवयीन मुलगीही होती, पण दोघांचं काही नातं नव्हतं. लेखक अँथनी कोबर्न यांना हे खटकलं. एक म्हातारा माणूस परक्या शाळकरी मुलीला घेऊन फिरतो हे घरच्या प्रेक्षकांना बरं दिसणार नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. म्हणून त्यांनी तिला नात केलं आणि ती ‘सुझन’ झाली. हेतू लोकलज्जेचा होता. वंशावळ मांडायचं कुणाच्या मनातही नव्हतं. पण कोबर्न यांनी हे नातं लिहिलं आणि डॉक्टर त्याच क्षणी कुणाचा तरी बाप झाला.

सुझनचं काम कॅरोल अ‍ॅन फोर्ड यांनी केलं. पहिल्या भागात ती लंडनच्या कोल हिल शाळेत शिकते. शास्त्राच्या आणि इतिहासाच्या शिक्षकांना तिचं वागणं विचित्र वाटतं, म्हणून ते तिच्या मागोमाग एका भंगारच्या आवारात जातात आणि तिथे त्यांना डॉक्टर भेटतो. आजोबा आणि नात आपल्या ग्रहापासून तुटलेले आहेत एवढं प्रेक्षकांना कळतं. आईवडिलांचा उल्लेख होत नाही. पुढे कॅरोल अ‍ॅन फोर्ड यांनी मालिका सोडायचं ठरवलं आणि २६ डिसेंबर १९६४ च्या भागात सुझन पृथ्वीवर राहिली. डालेक या परग्रहावरच्या शत्रूंच्या हल्ल्यात उद्ध्वस्त झालेल्या लंडनमध्ये डेव्हिड नावाच्या तरुणावर तिचं प्रेम बसलेलं असतं, पण आजोबांना एकटं सोडून जायचा तिला धीर होत नाही. शेवटी डॉक्टरच टार्डिसचं दार आतून लावून घेतो आणि तिला बाहेरच ठेवतो. एक दिवस परत येईन, असं वचन देऊन तो निघून जातो.

याच सुमारास ही वंशावळ पडद्याबाहेरही फुटायला लागली होती. ‘टीव्ही कॉमिक’ या मुलांच्या साप्ताहिकात १९६४ च्या नोव्हेंबरपासून डॉक्टरची चित्रकथा सुरू झाली. तिच्यात सुझन नव्हती. जॉन आणि गिलियन अशी वेगळीच दोन नातवंडं होती. १९६५ सालच्या सिनेमात पीटर कुशिंग यांनी रंगवलेला डॉक्टर पृथ्वीवरचाच एक संशोधक होता आणि त्याला सुझन व बार्बरा अशा दोन नाती होत्या. दोन वर्षांत चार नातवंडं झाली, मुलगा किंवा मुलगी मात्र एकही नाही.

टीव्हीवर या विषयाला पहिल्यांदा खरा स्पर्श झाला तो १९६७ साली, दुसरे डॉक्टर पॅट्रिक ट्राउटन यांच्या ‘द टूम ऑफ द सायबरमेन’ या कथेत. रात्रीची वेळ आहे. थडग्यांच्या दारापाशी सगळे दमून झोपले आहेत, डॉक्टरबरोबर फिरणारी व्हिक्टोरिया एकटी पहाऱ्यावर जागी आहे. तिचे वडील नुकतेच मारले गेले आहेत. डॉक्टर जागा होतो आणि तिच्याशेजारी बसतो. तुम्हाला तुमचे घरचे आठवतात का, असं ती विचारते. आठवायचं म्हटलं तर आठवतात, नाहीतर मनात झोपून असतात, अशा अर्थाचं उत्तर तो देतो. त्या सबंध दृश्यात कुठे आरडाओरडा नाही, कुणाचं नाव नाही. पण नायकाला घर होतं आणि ते आता नाही, हे त्यातून निःसंशय कळतं. पुढची कित्येक वर्षं चाहत्यांच्या युक्तिवादात हे दृश्य साक्षीला येत राहिलं.

आणि हा साक्षीदारच मध्यंतरी हरवला होता. त्या काळी बीबीसी जुन्या चित्रफिती पुसून पुन्हा वापरायची. साठच्या दशकातले ‘डॉक्टर हू’चे नव्वदहून अधिक भाग आजही चित्ररूपात उपलब्ध नाहीत. ते आज ऐकायला मिळतात, कारण प्रसारणाच्या वेळी काही चाहत्यांनी घरी टेपरेकॉर्डर लावून आवाज टिपून ठेवला. ‘टूम’चे चारही भाग असेच गेले होते. १९९१ साली त्यांच्या प्रती हाँगकाँगमध्ये सापडल्या आणि पुढच्या वर्षी व्हिडिओ कॅसेट निघाली. तोवर एका आख्ख्या पिढीने ते दृश्य फक्त ऐकून किंवा वाचून आपले तर्क बांधले होते.

काल्पनिक माणसाच्या आयुष्यातल्या रिकाम्या जागा भरण्याची ही हौस ब्रिटनमध्ये टीव्हीपेक्षा जुनी आहे. रोनाल्ड नॉक्स यांनी १९११ साली शेरलॉक होम्सच्या कथांचा अगदी शास्त्रग्रंथासारखा अभ्यास मांडणारा निबंध वाचला आणि तिथून होम्स खरोखर होऊन गेला असं धरून त्याच्या तारखा-वार जुळवण्याची परंपरा सुरू झाली. गुप्त अपत्याचा मुद्दा तिथेही निघाला. १८९१ ते १८९४ या काळात होम्स जगाच्या लेखी मेलेला होता. त्या दिवसांत मॉन्टेनेग्रोमध्ये होम्सच्याच एका कथेतल्या आयरीन अ‍ॅडलरशी त्याची भेट झाली आणि त्यांना मुलगा झाला, असा तर्क जॉन क्लार्क यांनी १९५६ साली ‘बेकर स्ट्रीट जर्नल’मध्ये मांडला. तो मुलगा म्हणजे रेक्स स्टाउट यांच्या कादंबऱ्यांतला लठ्ठ गुप्तहेर नीरो वुल्फ! वुल्फचा जन्म मॉन्टेनेग्रोचा, बुद्धी होम्सची. विल्यम बेअरिंग-गूल्ड यांनी १९६२ साली लिहिलेल्या होम्सच्या चरित्रात हा धागा पुढे नेला. मूळ कथांत याला काडीचा आधार नाही. तरीही तर्काची रीत शिस्तीची आहे: छापील मजकुराला धक्का लावायचा नाही, फक्त मोकळ्या जागेत शिरायचं.

‘डॉक्टर हू’च्या चाहत्यांनी हीच शिस्त उचलली, पण त्यांच्यापुढे एक अडचण होती. या मालिकेबाबत अधिकृत काय आणि अनधिकृत काय, याचा निवाडा बीबीसीने कधी केलाच नाही. त्यामुळे पडद्याबाहेरचं साहित्यही पुराव्यात जमा झालं आणि मतांचे तट पडले. एक तट म्हणतो, सुझन ही डॉक्टरची सख्खी नात, ती त्याला आजोबा म्हणते, विषय संपला. दुसऱ्या तटाच्या मते हे नुसतं प्रेमाचं संबोधन आहे. मालिकेचे तेव्हाचे पटकथा संपादक एरिक सॉवर्ड यांनी १९८३ साली ‘रेडिओ टाइम्स’च्या विशेषांकात लिहिलेल्या कथेत सुझन खरोखरच डॉक्टरची नात नव्हती. ती एका जुन्या राजघराण्याची वंशज होती. त्याच वर्षी विसाव्या वाढदिवसाच्या विशेष भागात पडद्यावर आलेली सुझन मात्र डॉक्टरला आजोबाच म्हणत होती. तिसरा तट १९९७ च्या ‘लंगबॅरो’ या कादंबरीचा. मार्क प्लॅट यांनी तिच्यात टाइम लॉर्डांना मूल होऊच शकत नाही असं दाखवलं. त्यांची नवी पिढी यंत्रमागासारख्या साधनांवर विणली जाते. असं असेल तर सुझनचा जन्म नेहमीच्या रीतीने झालाच कसा, हा नवा गुंता. त्यावर प्लॅट यांनी डॉक्टरला गॅलिफ्रेच्या इतिहासातल्या एका जुन्या, अनामिक पुरुषाचा पुनर्जन्म असल्याचं सुचवलं आणि सुझनला त्या पुरुषाची नात ठरवलं.

मालिका बंद होती त्या सोळा वर्षांत मधे एक टीव्ही चित्रपट सोडला तर पडद्यावर फारसं काही नव्हतं. चाहत्यांनी तेव्हा कादंबऱ्या आणि श्राव्य नाटकं यांवर भूक भागवली. लान्स पार्किन यांच्या २००१ च्या ‘फादर टाइम’ कादंबरीत आठवा डॉक्टर मिरांडा नावाच्या मुलीला दत्तक घेतो, तिला वाढवतो आणि ती मोठी होऊन निघून गेल्यावर मागे राहतो. २००९ साली बिग फिनिश या श्राव्यनाटक कंपनीने सुझनला पुन्हा आठव्या डॉक्टरसमोर आणलं, आणि तिचा अ‍ॅलेक्स नावाचा मुलगाही दाखवला. डॉक्टरचं काम पॉल मॅकगॅन यांचं होतं. पणतवाला आवाज दिला तो त्यांच्याच मुलाने, जेक मॅकगॅनने.

२००५ साली मालिका परतली तेव्हा तिची सूत्रं रसेल टी डेव्हिस यांच्या हाती होती. तेही लहानपणापासूनचे चाहते आणि त्यांच्यानंतर सूत्रं घेणारे स्टीव्हन मॉफॅटही. म्हणजे जे प्रश्न घेऊन ही मुलं मोठी झाली, त्यांची उत्तरं देण्याची सत्ता आता त्यांच्याच हाती आली. पहिल्याच वर्षी, दुसऱ्या महायुद्धातल्या लंडनमधल्या कथेत, एक म्हातारा वैद्य सांगतो की युद्धाआधी आपण बाप होतो, आजोबा होतो, आता दोन्ही नाही, पण डॉक्टर अजून आहोत. नवव्या डॉक्टरचं काम करणारे क्रिस्टोफर एकलस्टन एवढंच म्हणतात की ही भावना आपल्याला ठाऊक आहे. पुढच्या वर्षी दहावा डॉक्टर डेव्हिड टेनंट बोलता बोलता सांगून टाकतो की आपणही एकेकाळी बाप होतो. त्याच्याबरोबर फिरणारी रोझ चपापते, तो मात्र थांबत नाही, विषय बदलतो. जी गोष्ट बेचाळीस-त्रेचाळीस वर्षं अनुमानावर चालली होती, तिची अशी कबुली मिळाली.

मग १० मे २००८ चा ‘द डॉक्टर्स डॉटर’ हा भाग आला. शीर्षक जाहीर झालं आणि सुझनची आई अखेर येणार, अशी आशा पालवली. आली ती जेनी. एका युद्धग्रस्त वसाहतीत डॉक्टरचा हात यंत्रात कोंबला जातो, त्याच्या पेशींवरून क्षणार्धात एक वाढलेली तरुणी तयार होते आणि हातात बंदूक घेऊन बाहेर पडते. डॉक्टर आधी तिला मुलगी मानायलाच तयार नसतो. स्टेथोस्कोप लावल्यावर तिच्या छातीत दोन हृदयं ऐकू येतात, आणि तो हळूहळू विरघळतो. शेवटी त्याच्यावर रोखलेली गोळी ती स्वतःच्या अंगावर घेते. ती मेली असं समजून तो निघून जातो. त्यानंतर ती डोळे उघडते आणि यान घेऊन उडून जाते. जेनीचं काम करणारी जॉर्जिया मॉफेट ही पाचवे डॉक्टर पीटर डेव्हिसन यांची सख्खी मुलगी. चित्रीकरणात तिची आणि टेनंटची ओळख झाली, २०११ साली दोघांचं लग्न झालं. टीव्हीच्या पडद्यावर जेनी आणि डॉक्टर यांची पुन्हा भेट झालेली नाही, त्यामुळे तिचंही खातं उघडंच आहे.

अटकळी कशा खऱ्या ठरतात आणि कशा फसतात हे पाहायचं तर रिव्हर साँग आणि रूबी संडे या दोघींकडे बघावं.

रिव्हर २००८ साली आली. ती डॉक्टरला चांगली ओळखत होती, तो तिला मुळीच ओळखत नव्हता. २०११ साली एका भागाच्या शेवटी न्यू यॉर्कच्या गल्लीत एका लहान मुलीची काया पालटते असं दिसलं. मानवात असं होत नाही, म्हणजे मूल टाइम लॉर्डचं. मग डॉक्टरचंच असणार, असा गवगवा झाला. दुसरीकडे काहींनी नावांकडे बोट दाखवलं. डॉक्टरबरोबर फिरणाऱ्या अ‍ॅमीचं आडनाव पाँड, म्हणजे तळं. आणि ही रिव्हर, म्हणजे नदी. ४ जून २०११ रोजी उलगडा झाला. रिव्हर ही अ‍ॅमी आणि तिचा नवरा रोरी यांची मुलगी निघाली. टार्डिसमध्ये गर्भधारणा झाल्यामुळे तिच्यात टाइम लॉर्डांचे गुण उतरले होते. नावांवरून काढलेला तर्क बरोबर निघाला, रक्तावरून काढलेला चुकला.

रूबीच्या वेळी नेमकं उलट घडलं. २०२३ च्या नाताळात आलेली रूबी चर्चच्या दारात सोडून दिलेलं मूल. तिची आई कोण हेच पुढच्या वर्षीच्या मालिकेचं मुख्य रहस्य. त्यातच डॉक्टर झालेला शुटी गाटवा तिला सुझनबद्दल सांगतो. नात आहे, पण मुलं अजून झालेली नाहीत, टाइम लॉर्डचं आयुष्य असंच गुंतागुंतीचं, असंही एका भागात येतं. शिवाय जवळजवळ प्रत्येक भागात एकच अभिनेत्री वेगवेगळ्या वेशांत दिसत होती आणि अखेर तिच्या पात्राचं नाव कळलं: सुझन ट्रायड. ‘एस ट्रायड’ची अक्षरं फिरवली की टार्डिस होतं! मग रूबी ही सुझनची मुलगी, डॉक्टरची पणती, असा निष्कर्ष पक्का झाला. हा सापळा होता आणि तो लेखकाने चाहत्यांची सवय ओळखूनच लावला होता. डॉक्टरही त्यात फसला. १९७५ च्या कथेतला सुतेख हा खलनायक त्या नावामागे दडला होता. २२ जून २०२४ च्या भागात रूबीची आई सापडली: पंधराव्या वर्षी मूल झालेली, घाबरून ते चर्चपाशी ठेवून गेलेली एक साधी मुलगी. त्या क्षणाला अनेक प्रेक्षकांची निराशा झाली. पण टाकून दिलेल्या मुलाचा मान त्याच्या वंशावर ठरत नाही, हे मालिकेची सूत्रं पुन्हा हाती घेतलेल्या डेव्हिस यांनी तिथे ठामपणे मांडलं आणि ते योग्यच होतं.

खरी सुझन पुढच्या वर्षी आली. १७ मे २०२५ च्या भागात, डॉक्टर अंतराळात मरणाच्या दारी तरंगत असताना, त्याच्या डोळ्यांपुढे कॅरोल अ‍ॅन फोर्ड उभ्या राहिल्या. त्यांचं वय तेव्हा ८४ होतं. ही आता उत्तराची नांदी, असं सगळ्यांनी धरलं. शेवटच्या दोन भागांत मूलही आलं, पण वेगळंच: बदललेल्या जगात डॉक्टर आणि त्याच्याबरोबर फिरणारी बेलिंडा चंद्रा यांची छोटी मुलगी पॉपी. बेलिंडाचं काम केरळमध्ये जन्मलेल्या वरदा सेतू हिने केलं. जग पूर्ववत होताना पॉपी पुसली जाते. तिला परत आणण्यासाठी डॉक्टर आपलं आयुष्य पणाला लावतो, वास्तव किंचित हलवतो, त्यात त्याची काया पालटते. पॉपी वाचते, पण बेलिंडाची आणि दुसऱ्या एका पुरुषाची मुलगी म्हणून. डॉक्टरचं पितृत्व त्याच्या हातून निसटतं. सुझनचा त्या शेवटात पत्ताच नाही.

या साऱ्या खटाटोपाला रिकामटेकडेपणा म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं की पुसलेल्या भागांचे आवाज याच हौसेने वाचवले, बंद पडलेली मालिका याच हौसेने जिवंत ठेवली आणि पुढचे लेखकही तिनेच घडवले. सुझनच्या आईवडिलांचं नाव कळलंच पाहिजे असंही नाही. न सांगितलेल्या त्या पिढीमुळेच तर डॉक्टरच्या दुःखाला खोली आली. पण १९६४ सालच्या वचनाचं तसं नाही. ते प्रेक्षकांसमोर दिलेलं आहे. २०२३ साली मालिकेची साठी झाली तेव्हा बीबीसीने आठशेहून अधिक भाग एकत्र खुले केले, पण हक्कांच्या वादामुळे सुझन जिथे पहिल्यांदा भेटते ते पहिले चार भाग त्यात नव्हते. तो वाद मिटवावा, ते भाग नव्या पिढीला दाखवावेत, आणि कॅरोल अ‍ॅन फोर्ड आपल्यात आहेत तोवर आजोबा-नातीची समोरासमोर भेट घडवून आणावी. आभास दाखवून भागणार नाही. पूर्ण लांबीचा एक प्रसंग त्यांना द्यायलाच हवा.